कागदी ठराव? विशाखा विसरलात का

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की संयुक्त राष्ट्रांचे स्त्री-हक्कांचे करार म्हणजे नुसती कागदं रंगवणं. पटलं नाही. 1979चा सीडॉ करार (स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार) भारताने 1993 मध्ये मान्य केला (विवाहनोंदणी, वैयक्तिक कायदे यांवर हात राखूनच, ते सोडा). 1997 मध्ये विशाखा खटला निकाली निघाला तेव्हा कामाच्या जागी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने याच कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले, आणि 2013 चा कायदा येईपर्यंत तेच चालले.

अडतं ते खाली. आमच्या वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात या कायद्याखालच्या, छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचा बोर्ड आहे, पण कँटीनच्या दाराआड. दार उघडं असलं की दिसत नाही. त्यावरच्या अध्यक्षबाई कधीच्या रिटायर झाल्यात. बाहेरच्या सदस्याची जागा कोरी! आता याचा दोष न्यूयॉर्कला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांना, कसा द्यायचा?

आणि हे सगळं परकं म्हणणाऱ्यांसाठी: 1927 मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा आमच्या बडोद्याच्या चिमणाबाई महाराणीच होत्या.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर समिती सक्तीची आहे. तुमच्याकडचा बोर्ड कुठे लावलाय, सांगा बरं.