भरलेले छोटे चुरोज कढईत फुटतात, नेमकं काय चुकतंय?

जास्वंद (सांगली)

नमस्कार मंडळी. धाकट्या लेकीचा दहावा वाढदिवस पुढच्या रविवारी आहे. वर्गातली बावीस मुलं येणार आहेत. तिला केक नको, चुरोज (मैद्याच्या उकडीच्या तळलेल्या, साखरेत लोळवलेल्या कांड्या) हवेत. तेही एका घासात तोंडात जातील एवढे, आत चॉकलेट भरलेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला खाल्ले होते, तेव्हापासून तिने दुसरं नाव घेतलेलं नाही. घरी सासूबाई अंडं खात नाहीत. नातीच्या वाढदिवसाचा पदार्थ आजीला खाता येऊ नये हे मला पटत नाही, म्हणून अंड्याशिवायच करायचे आहेत.

आतापर्यंत दोनदा करून पाहिले. पहिल्या वेळी मैद्याची उकड काढली, पारी लाटली, मधे चॉकलेटचा तुकडा ठेवून गुंडाळी केली आणि करंजीसारख्या कडा दाबल्या. तेलात गेल्यावर कडा उकलल्या, चॉकलेट बाहेर आलं, तळाशी बसून जळलं. अर्धा लिटर तेल टाकून द्यावं लागलं.

दुसऱ्या वेळी ठरवलं, आधी तळायचे आणि मग भरायचे. पायपिंग बॅग नव्हती. दुधाची पिशवी धुऊन पुसून घेतली, तिचा कोपरा कापला आणि बोटाएवढ्या जाड कांड्या सरळ तेलात सोडल्या. पहिल्या चार छान तळल्या गेल्या. पाचवी एका बाजूने टम्म फुगली आणि फट्कन फुटली. तेल ओट्यावर, टाइल्सवर आणि माझ्या मनगटावर उडालं. लेक शेजारीच स्टुलावर उभी होती. तिला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी कढई ठेवलेली नाही.

माप असं होतं: एक वाटी पाणी, एक वाटी मैदा, चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर, अर्धा चमचा बेकिंग पावडर. तेल चांगलं तापलेलं होतं. ज्यांनी घरी खरोखर केले आहेत त्यांनी कृपया सांगा, फुटतात कशाने? आणि एवढ्याशा तुकड्यात सारण भरायचं कसं?

गवती चहा

मनगट कसं आहे आता? तेलाला एवढी भीती बसली असेल तर एअर फ्रायरमध्ये करा ना. मी बटाटेवडेसुद्धा त्यातच करते. नाहीतर पिठात हवा राहिली असेल, पिशवी भरताना दाबून भरा.

मुक्काम क्वेरेतारो

जास्वंदताई, मी २०१६ पासून मेक्सिकोत, क्वेरेतारो शहरात राहते. भरलेले चुरोज इथे रस्त्यावरचं रोजचं खाणं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. कामाचं आहे, सगळं वाचा.

तुमचे चुरोज फुटले कारण ते गुळगुळीत होते. चुरोला चांदणीसारख्या कडा असतात त्या शोभेसाठी नाहीत. गोल, गुळगुळीत कांडी तेलात पडली की तिची साल सगळीकडून एकदम घट्ट होते. आतलं पाणी वाफ होऊन फुगतं, त्याला वाट मिळत नाही, मग ते साल फोडूनच बाहेर येतं. चांदणीच्या आकारात पन्हळी असतात, त्यामुळे उष्णता आतवर लवकर पोचते आणि वाफ थोडी थोडी निघत राहते. तुमच्या पिठात बेकिंग पावडरही होती, म्हणजे वायूची आणखी भर. स्पेनमध्ये सोडा वगैरे घालून फुगवलेला जाड प्रकार असतो, त्याला पोर्रा म्हणतात. तो वेगळा पदार्थ. चुरोत पाणी, मैदा, मीठ आणि फारतर थोडं तेल, एवढंच. मेक्सिकोत पुष्कळ घरांत अंडं आणि लोणी घालतात, पण अंड्याशिवायचा चुरो ही तडजोड नाही. स्पेनमधला मूळचा चुरो तसाच असतो. सासूबाईंना निश्चिंत मनाने वाढा.

माप: पाणी २५० मिली, मैदा १५० ग्रॅम चाळलेला, तेल २ मोठे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा. साखर पिठात घालू नका, त्याने वरून लवकर लाल होतात आणि आत कच्चे राहतात. पाणी, तेल, मीठ खळखळून उकळू द्या. गॅस बंद करून मैदा एकदम ओता आणि लाकडी डावाने जोर लावून घोटा. कोरड्या पिठाची एकही गुठळी राहता कामा नये, गुठळीभोवती हवा अडकते. झाकून दहा मिनिटं ठेवा आणि कोमट असतानाच पाडा. गार झालं की ते पिशवीतून उतरत नाही. मग आपण जोर लावतो, पिशवी फाटते आणि हवा शिरते.

आता भरण्याबद्दल. कच्च्या पिठात सारण कधीच घालायचं नाही. इथल्या सेनेआ बागेजवळ एक आजोबा संध्याकाळी गाडी लावतात. तळलेले चुरो त्यांच्याकडे साखरेत लोळवून तयार असतात. बाजूला स्टीलची उभी टाकी, तिला खाली लांब नळी आणि वर दांडा. चुरो नळीवर खुपसायचा, दांडा ओढायचा आणि नळी मागे घेत घेत भरायचा. मागे घेत घेत, हे महत्त्वाचं. नळी एका जागी धरली तर सारण एकाच ठिकाणी साठतं आणि तिथून साल तडकते. मी त्यांच्यासमोर उभी राहून कितीतरी वेळा हे पाहिलंय.

घरी त्या टाकीचं काम औषधाच्या दुकानातली १० मिलीची नवी सिरिंज करते, अर्थात सुईशिवाय. तुकडे चार सेंटीमीटरचे ठेवा. तळून निघाले की गरम असतानाच साखरेत लोळवा, गार झाल्यावर साखर चिकटत नाही. मग कोमट होऊ द्या. एका टोकातून लाकडी काडी आत घालून हलकेच गोल फिरवा, आतला मऊ भाग बाजूला दाबला जातो आणि जागा होते. काडी पलीकडून बाहेर काढू नका. त्या भोकात सिरिंजचं टोक टेकवून दीड-दोन मिली सारण सोडायचं.

सारणासाठी १०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि ८० मिली साधं फ्रेश क्रीम. क्रीम गरम करून चॉकलेटवर ओतायचं, दोन मिनिटांनी ढवळायचं. तासभर ठेवलं की पेढ्याच्या मिश्रणापेक्षा सैल आणि मधापेक्षा घट्ट होतं, तेव्हा भरा.

पण माझं ऐकाल तर निम्मे कहेताचे करा. कहेता म्हणजे बकरीचं दूध आणि साखर आटवून केलेला तपकिरी, चकचकीत पाक. त्यासाठी प्रसिद्ध असलेलं सेलाया गाव आमच्यापासून तासाभरावर आहे. पहिल्यांदा चाखला तेव्हा मला बेळगावचा कुंदा आठवला होता, तीच करपण्याच्या अलीकडची खमंग चव. आठवड्याच्या आत करायचा झाला तर कंडेन्स्ड मिल्क स्टीलच्या डब्यात ओता, घट्ट झाकण लावा, कुकरमध्ये पाणी घालून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ३५ मिनिटं ठेवा. कुकर आपोआप गार झाल्यावरच उघडायचा. सीलबंद टिन तसाच कुकरमध्ये ठेवायला सांगतात, ते अजिबात करू नका, तो फुटू शकतो. थोडं मीठ घालून घोटलं की तयार.

गवती चहा, अंड्या-लोण्याचं पीठ असेल तर एअर फ्रायर चालतो. नुसत्या पाणी-मैद्याचे चुरोज त्यात वाळलेल्या शेवेसारखे कडक होतात. मी करून पाहिलंय.

पितळी सोऱ्या (पुणे)

अगं जास्वंद, वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय. त्यात माझी थोडी भर.

ही उकडच आहे गं. आपण मोदकाची काढतो तशीच. पाण्याला आधण आलं पाहिजे, पीठ एका दमात पडलं पाहिजे आणि झाकण ठेवून वाफ मुरली पाहिजे. फरक इतकाच की तांदळाच्या पिठाची उकड आपण भरपूर मळतो आणि मैद्याची तशी मळायची नाही. मैदा फार मळला की चिवट होतो, चुरो चामट लागतो. एकजीव झालं की थांब.

दुधाची पिशवी सोड आणि माळ्यावरचा सोऱ्या काढ. चकलीची चांदणीची चकती लाव. सोऱ्यात पीठ भरताना हात तेलाचा करून लांबट गोळा कर, तो एका अंगाने आत सरकव, म्हणजे खाली हवा अडकत नाही. पहिली दोन बोटं लांबी पाडून परत पिठात टाक, हवा असली तर तीत निघून जाते.

मात्र चकलीची चांदणी भरायच्या चुरोला बारीक पडते. नुसते चॉकलेटमध्ये बुडवून खायचे असतील तर ती उत्तम. माझ्या नातवाला भरलेलेच लागतात, म्हणून मी जुनी चकती तांबट आळीत नेली. तिथल्या कारागिराने भोक मोठं केलं आणि चांदणीचे कोपरे कानशीने घासून दिले. आता ते आरपार दीड सेंटीमीटर आहे. तुला एवढ्यात जमणार नसेल तर केकच्या सामानाच्या दुकानात मोठ्या तोंडाचं चांदणीचं नोझल आणि जाड कापडी पिशवी मिळते. पातळ प्लास्टिकची घेऊ नको, या पिठाला ती टिकत नाही.

भीतीचं म्हणशील तर थेट कढईवर पाडू नकोस. बटर पेपरवर लांब पट्ट्या पाड, तेल लावलेल्या कात्रीने काप, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव. मग झाऱ्यावर चार-पाच घेऊन अलगद तेलात उतरव. हात कढईपासून लांब राहतो. आणि पोरीला स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसव, साखरेत लोळवायचं काम तिला दे.

जास्वंद

दोघींचे किती आभार मानू! मनगट बरं आहे, डाग राहिलाय. तेल किती तापलेलं हवं? माझ्याकडे थर्मामीटर नाही. आणि मुलांसाठी एकशे दहा तुकडे तरी लागतील, मग पीठ किती?

मुक्काम क्वेरेतारो

१८० अंशांच्या आसपास. हरभऱ्याएवढं पीठ टाकून पाहा. ते तळाला क्षणभर टेकून लगेच बुडबुड्यांसकट वर यायला हवं. टाकताच लाल झालं तर तेल जास्त तापलंय. तळाशीच बसून राहिलं तर कमी, आणि मग चुरो तेल पितात. एका वेळी आठांपेक्षा जास्त नकोत, साडेतीन-चार मिनिटं.

वर दिलेल्या मापात सत्तरेक होतात. दुप्पट करा, पण दोन वेगळ्या भांड्यांत उकड काढा. एकदम मोठी उकड हाताने नीट घोटली जात नाही.

साखरेत दालचिनी घालायची तर हात राखून. इथली दालचिनी पातळ सालीची, हाताने चुरगळणारी असते आणि गोडसर लागते. आपल्याकडे वाण्याकडे बहुतेक जाड सालीची मिळते, ती तिखट असते. १०० ग्रॅम साखरेला पाऊण चमचा पूड पुरे. पिठीसाखर घेऊ नका, ती ओलसर होऊन बसते. जाड साखर मिक्सरमध्ये एकदाच फिरवून रवाळ करा.

जास्वंद

काल वाढदिवस झाला. सविस्तर लिहिते, पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

शनिवारी दुपारी आधी फक्त दहा केले. नोझल सांगलीतच मिळालं. बटर पेपरवरून झाऱ्यावर, झाऱ्यावरून तेलात. पहिला झारा उतरवताना मी श्वास धरून उभी होते. एकही फुटला नाही. बुडबुडे कडाकडांवरून येत राहिले, दोन मिनिटांनी चुरो आपोआप कुशीवर वळले. सोनेरी झाल्यावर एक मोडून पाहिला. वरची साल कुरकुरीत, आत मऊ आणि जाळीदार. तिथेच ओट्याला टेकून मी तो नुसताच खाल्ला.

रविवारी एकूण एकशे तीस झाले. सारण भरायला सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या हाताला गजऱ्याची सवय आहे, काडी फिरवायची ती लकब त्यांना दोन तुकड्यांत आली. सिरिंज मागे घेत भरायची हेही त्यांनी बरोबर केलं, माझे मात्र सुरुवातीचे चार-पाच तडकले. चॉकलेटचे साठ आणि कुकरमधल्या आटवलेल्या दुधाचे सत्तर. चॉकलेटचे आधी संपतील असं वाटलं होतं, पण मुलांनी दुधाचे आधी संपवले. सासूबाईंनी तीन खाल्ले आणि म्हणाल्या, यात वेलदोडा नको, असंच बरं आहे. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. भरून ठेवलेले तासाभराने मऊ पडायला लागले. पहिली चाळीस मी लवकर भरून ठेवली होती, त्यांचा कुरकुरीतपणा गेला. नंतरचे नुसते तळून, साखरेत लोळवून ठेवले आणि मुलं जेवायला बसल्यावर भरले, ते शेवटपर्यंत छान राहिले.

क्वेरेतारोच्या ताई, आता कहेता. विट्याला माझ्या माहेरी दोन उस्मानाबादी शेळ्या आहेत. आई दोन लिटर दूध पाठवते म्हणाली. ते नासू न देता आटवायचं कसं?

मुक्काम क्वेरेतारो

वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

दोन लिटर दुधाला ४५० ग्रॅम साखर आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा. दूध आटतं तसा त्यातला आंबटपणा दाट होतो आणि ते फाटतं. सोडा तो आंबटपणा मारतो, रंगही लवकर धरायला मदत करतो. दूध-साखर गरम झाली की पातेलं गॅसवरून उतरवा आणि मगच चमचाभर पाण्यात विरघळवलेला सोडा घाला. दूध भसाभसा वर येतं, म्हणून पातेलं दुधाच्या तिप्पट मोठं घ्या. मग मध्यम आचेवर दीड-दोन तास. शेवटची वीस मिनिटं मात्र डाव हातातून सोडायचा नाही. डावाने तळ ओढल्यावर क्षणभर पातेल्याचा तळ दिसला की उतरवा, गार झाल्यावर आणखी घट्ट होतं.

आईंना सांगा, दूध सकाळच्या धारेचं आणि त्याच दिवशीचं पाठवा.