संस्थेच्या चार संगणकांवर कोणतं ऑफिस टाकावं?

प्रश्न
नमस्कार. केज तालुक्यात आमचं ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृह आहे. आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघाले की मुली आमच्याकडे येतात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की घरी जातात. कार्यालयाचं काम मी बघते. एका बँकेनं आम्हाला चार जुने संगणक दिलेत, तीन विंडोज १० चे आणि एक विंडोज ७ चा. दुकानदार म्हणतो, ४०० रुपयांत फुल ऑफिस टाकून देतो. बिल मागितलं तर बिल नाही म्हणाला. तसलं मला नको आहे. लोकांच्या देणगीवर चालणारी संस्था आहे, चोरीच्या सॉफ्टवेअरवर हिशेब ठेवायला मन धजत नाही.
काम म्हणजे मुलींची हजेरी, किराण्याचा साठा, देणगीदारांची यादी, आभारपत्रं आणि एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामांना निधी देणाऱ्या) विभागाला दर तिमाहीला अहवाल. बहुतेक सगळं मराठीत. जमाखर्च टॅलीत आहे, तो हलवायचा नाही. हाताशी १५,००० रुपये आहेत. लिबरऑफिसवर, म्हणजे त्या मोफत मिळणाऱ्या ऑफिसवर, भागेल का? आमच्या दोघी ताईंना वर्डची सवय आहे.

प्रतिसाद १ (पुणे)
गूगलची नोंदणीकृत संस्थांसाठी मोफत योजना आहे, तिच्यासाठी अर्ज करा. ट्रस्टची कागदपत्रं तपासून घेतात. शाळा आणि रुग्णालयं त्यात बसत नाहीत, वसतिगृहाचं आधी विचारून घ्या. संस्थेच्या नावाचे ईमेल पत्ते मिळतात, अहवालावर दोघींना एकाच वेळी काम करता येतं. डाउनलोड, पेनड्राइव्ह काही नको.

प्रश्नकर्ती
दादा, ईमेलसाठी नक्की करते. पण दुपारी लाइट गेली की राउटर बंद, आणि मोबाइलला रेंज गच्चीवर जाऊन. रोजची हजेरी नेटवर ठेवता येणार नाही.

प्रतिसाद २ (नाशिक)
ताई, मी १४ वर्षं एका छोट्या ट्रस्टचा हिशेब बघते. चारही संगणकांवर लिबरऑफिसच टाका. पण त्याआधी एक गोष्ट तपासा, तुमचा जुना मजकूर कोणत्या फाँटमध्ये आहे?
आमच्याकडे आधीच्या ऑपरेटरनं देणगीदारांची सगळी यादी युनिकोड (कुठल्याही संगणकावर मराठी अक्षर सारखंच ओळखलं जाण्याची पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केली होती. तो संगणक जळाला. दुसऱ्यावर फाइल उघडली तर नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या फाँटमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, इंग्रजी अक्षराला फक्त ‘क’चा चेहरा दिलेला असतो. त्यामुळे नाव शोधता येत नाही, अकारविल्हे यादी लागत नाही. शेवटी पावत्यांच्या स्थळप्रती काढून ३१२ नावं आम्ही दोघींनी परत टाइप केली. तुमच्या फाइली तशा असतील तर जुना संगणक चालू आहे तोवर कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या. पुढचं सगळं मंगल, मुक्ता किंवा लोहितमध्ये, आणि चारही संगणकांवर तोच फाँट. नाहीतर इथली दोन पानं तिथं अडीच होतात.
लिबरऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या सेटिंगला जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा आणि तिथं मराठी निवडा. देवनागरीचा फाँट आणि आकार ते इंग्रजीपासून वेगळा धरतं. आमच्या ताई आठवडाभर ‘मी १४ करते, हे १२ च राहतं’ म्हणून वैतागल्या होत्या, त्याचं कारण हेच होतं. मेनूही मराठीत करून मिळतात.
दुसरं, देणगीदारांचे आधार क्रमांक. मे २०२३ मध्ये आयकराच्या १०बीडी फॉर्मसाठी (त्यात देणगीदारांचा तपशील कळवायचा असतो) मी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी, फाइल केली. १२ आकडी क्रमांक एक्सेलनं ‘2.34568E+11’ असे दाखवले, मी तशीच सेव्ह केली. बंद करून उघडली तर शेवटचे आकडे गेलेले, सगळीकडे शून्यं. मुदत ३१ मेची, पुढे दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क. दोन दिवस फोन करून लोकांकडून क्रमांक परत घेतले. वयस्कर माणसं, फोनवर आधार सांगायला घाबरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. लिबरऑफिसचं कॅल्क (एक्सेलसारखाच त्यातला भाग) सीएसव्ही उघडण्याआधी कुठल्या रकान्यात काय आहे ते विचारतं. आधार आणि बँक खात्याच्या रकान्याला तिथं ‘टेक्स्ट’ निवडा. आपण फाइल नव्यानं करत असलो तर आकडे भरायच्या आधीच रकाना टेक्स्ट करायचा, हे एक्सेल आणि कॅल्क दोन्हीकडे सारखंच.
विंडोज ७ च्या संगणकावर लिबरऑफिस २५.८ चालणार नाही, त्याच्या आधीची आवृत्ती घ्या. तो संगणक नेटला जोडू नका, किराण्याच्या साठ्याला ठेवा.

प्रतिसाद ३ (छत्रपती संभाजीनगर)
वरच्या ताईंशी सहमत, पण एक भर घालतो. मी सीएसआरचे अहवाल भरतो. कंपन्या स्वतःची एक्सेल शीट पाठवतात. त्यात मॅक्रो (बटण दाबलं की आपोआप काम करणाऱ्या सूचना) असतात, काही खाने लॉक केलेले असतात. अशी शीट कॅल्कमध्ये भरून परत पाठवली की कधीकधी बटणंच चालत नाहीत, आणि हप्ता अडकतो तो आपला. मायक्रोसॉफ्ट संस्थांना सवलत देतं, तिथं अर्ज करा. एका चांगल्या संगणकावर परवान्याचं एक्सेल घ्या, बाकी तिन्हींवर लिबरऑफिस. बाहेर जाणारं पत्र मात्र नेहमी पीडीएफ करूनच पाठवा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आत्ताच देणगीदारांची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघितली. २०१९ नंतरची नावं नीट दिसतात, त्याआधीची सगळी चिन्हंच आहेत. जुना संगणक अजून सुरू होतोय. आज रात्री लाइट असेपर्यंत तेवढंच काम करते, लिबरऑफिस उद्या.