मदत हवी आहे : बोरघाटाच्या मॉडेलसाठी रुळांचे माप कोणते घ्यावे?

नमस्कार मंडळी. लहानपणी कर्जत स्थानकावर उभे राहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर, म्हणजे घाट चढताना मागून ढकलणारी, इंजिने जोडली जाताना मी तासन्‌तास पाहत असे आणि १५०० व्होल्ट डीसी प्रवाहावर चालणाऱ्या डब्ल्यूसीजी-२ इंजिनांचा तो घुमणारा आवाज ऐकूनच माझे रेल्वेप्रेम कायमचे जडले. आता निवृत्तीनंतर बोरघाटातील १:३७ चढाचा एक तुकडा एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणात उभारायला घेतला आहे.

अडचण रुळांची आहे. बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण हे अंतर १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून (दोन रुळांमधील अंतराच्या एका मापावरून) काढलेले आहे; आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे त्याच प्रमाणात हे अंतर सुमारे १९.३ मिलिमीटर यायला हवे. तयार रूळ वापरले तर इंजिन समोरून पाहताना अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसते आणि ब्रॉडगेजचा तो भारदस्तपणाच हरवतो, जो मला मुळीच गमवायचा नाही.

कुणी १९.३ मिलिमीटरचे रूळ, विशेषतः सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारे रूळ), हाताने तयार केले आहेत का? चाकांचे आस कसे रुंद केले? शिवाय पुढचे इंजिन आणि मागचे बँकर यांचा वेग जुळवण्यासाठी डिजिटल नियंत्रण अपरिहार्य आहे का? डब्ल्यूसीजी-२ ची मापे असलेले रेखाचित्र कुणाकडे असल्यास कृपया अवश्य कळवावे.