मदत हवी आहे: 'दीवार'मधल्या विजयची अ‍ॅक्शन फिगर, हातांचा रंग काही केल्या वाळेना

नमस्कार मंडळी,

मी धुळ्याचा. येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमचे आप्पा सत्तरी गाठतायत. त्यांच्यासाठी 'दीवार'मधला गोदीतला विजय करायला घेतलाय, १:६ मापात. निळा शर्ट, पोटाशी गाठ, खांद्यावर दोर. आप्पांनी चाळीस वर्षं मार्केट यार्डात पोती वाहिली. १९७५ साली पिक्चर आला तेव्हा ते वीस वर्षांचे होते, आणि पडद्यावरचा हिरो आपल्यासारखाच हमाल, त्यालाही बिल्ला, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा स्वतःचा पितळी बिल्ला आजही देव्हाऱ्यात असतो.

सांधे हलणारी तीस सेंटिमीटरची तयार बॉडी ऑनलाइन मागवली. डोकं मात्र मीच घडवलं, दोन भागांच्या एपॉक्सी पुट्टीचं, पावणेचार सेंटिमीटर उंच. आमच्याकडच्या उन्हात पुट्टी भराभर आवळते. पत्र्याखाली दुपारी बसलो तर नाक सरळ करेपर्यंत ते कडक झालेलं असायचं. म्हणून पहाटे चारला उठून, बोटं पाण्यात बुडवत काम केलं. नुसत्या डोळ्यांत चार पहाटा गेल्या. पण धाकट्या मुलीने न सांगता "बच्चन!" म्हणून ओळखलं, तेव्हा चेहऱ्याला हात लावणं बंद केलं.

खरी अडचण हातांची आहे. बॉडीबरोबर आलेले पंजे मऊ, रबरासारख्या व्हिनाइलचे आहेत. चेहरा आणि हात एका रंगाचे दिसावेत म्हणून दोन्हींना एकाच डबीतला ऑइलपेंट दिला. चेहरा दुसऱ्या दिवशी खडखडीत वाळला. हातांना आज तीन आठवडे झाले, अजून चिकट. अंगठा टेकवला की ठसा उमटतो, आणि उजव्या तळव्यावर कापसाचा तंतू बसलाय तो निघत नाही. नंतर कळलं की व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर घालतात ते हळूहळू वर येतं आणि ऑइलपेंटला सुकू देत नाही, अशा ठिकाणी अ‍ॅक्रिलिकच वापरायला हवा होता. चूक माझी. आता हा रंग काढू कसा? थिनरने व्हिनाइलच विरघळेल अशी भीती वाटते. कोणी टर्पेंटाइन वापरून पाहिलंय का? किती वेळ ठेवलं, पंजा फुगला का, हे कृपया नीट सांगा.

की तांब्याच्या तारेवर पुट्टी चढवून पंजे नव्यानेच करू? माझं मन इकडे ओढतंय. आलेले हात फार गुळगुळीत आहेत. आप्पांची बोटं पेराशी जाड झालीयत, पोती उचलायची आकडी धरून धरून उजवी करंगळी आत वळलीय. हमालाचा हात तसाच दिसायला हवा. पण इतकी बारीक बोटं पुट्टीची केली तर दोर अडकवताना तुटतील का? तार किती जाडीची घ्यावी?

दुसरा प्रश्न उंचीचा. अमिताभ सहा फूट दोन इंच, म्हणजे १:६ मध्ये साधारण ३१.३ सेंटिमीटर. माझी बॉडी तेराएक मिलिमीटरने कमी पडते आणि ते डोळ्यांना खुपतं, कारण त्या माणसाची ओळखच लांब पायांची. गुडघ्याखाली कापून तुकडा घालावा, की बुटाच्या आत पाच-सहा मिलिमीटर उचलून वरून पँटचा घेर सोडावा?

शर्टाचं बरंचसं जमलंय. पॉपलिनची गाठ मारली तर बोराएवढी झाली. मग आप्पांचं धुऊन धुऊन विरलेलं धोतर निळं रंगवलं, त्याची गाठ हरभऱ्याएवढी बसली. फक्त खांद्यावर कापड आता पारदर्शक दिसतं. तिथे आतून अस्तर लावलं तर फुगेल का?

बिल्ल्याचं काम झालं. सराफ बाजारात एका कारागिराने आठ मिलिमीटर रुंद पितळी पत्र्यावर ७८६ कोरून दिला, पैसेही घेतले नाहीत. पिक्चरमध्ये गोळी त्याच बिल्ल्यावर अडते, म्हणून तो खिशात ठेवणार आहे.

आप्पांपासून हे लपवायचं होतं, पण परवा टेबलावरचा दोर त्यांच्या नजरेस पडला. सुतळी सोलून मी केला होता. हातात घेऊन म्हणाले, "असा नही ऱ्हास रे दोर." बाकी काही विचारलं नाही. मांडीवर सुती धाग्याचे तीन पदर वळून चार मिलिमीटरचा दोर करून दिला, दिव्यावर त्याची लव जाळली आणि झोपायला गेले.

आखाजीला एकोणीस दिवस राहिलेत. आधी हातांचं सांगा, बाकीचं मागाहून चालेल. फोटो रात्री टाकतो.