मदत हवी आहे: ऑपरेशनआधी क्लोरहेक्सिडिनने अंघोळ, मग साबण लावायचा की नाही?

नमस्कार मंडळी,

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन जवळ आलंय. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी ४ टक्के क्लोरहेक्सिडिनने (अंगाला लावायचं जंतुनाशक औषध) अंघोळ करायला सांगितलंय. नेहमीचा साबण लावायचा की नाही, हे मात्र कोणी बोललं नाही. आई तर साबणाशिवाय अंघोळ झाली असं मानतच नाही.

शंका अशी. क्लोरहेक्सिडिनच्या रेणूवर धनभार असतो. जिवाणूच्या आवरणावर ऋणभार, त्यामुळे ते तिथे चिकटतं आणि आवरण फाडतं. त्वचेवरही ते काही तास टिकून राहतं, ऑपरेशनआधी वापरतात ते त्यासाठीच. पण साबणाचे रेणूही ऋणभारितच. साबण अंगावर राहिला तर औषध त्यालाच चिकटून वाया जाणार ना? मग साबण आधी लावून भरपूर पाण्याने धुतला तर चालेल, की या दोन अंघोळींना तो लावूच नये? नंतर अंगाला लोशन लावलं तर तोच प्रश्न येतो का? आईची त्वचा फार कोरडी आहे, म्हणून विचारतेय.

आणखी एक काळजी. तिच्या एका कानाच्या पडद्याला भोक आहे आणि क्लोरहेक्सिडिन मधल्या कानात गेलं तर ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो. डोळ्यांनाही ते घातक. त्यामुळे मानेच्या वर ते लावायचंच नाही, एवढं मी ठरवलंय. केस शाम्पूने धुतले तर ते पाणी अंगावरून ओघळणारच, मग केस आधी धुवून घ्यावेत का?

भावाचं म्हणणं, घरात सगळ्यांनीच आता जिवाणूनाशक साबण वापरावा. त्याने आणलेल्या वडीवर ट्रायक्लोकार्बन लिहिलंय. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन धरून १९ घटक घरगुती साबण-हँडवॉशमध्ये वापरायला मनाई केली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नाही. आम्ही बाकीच्यांनी साध्या साबणाने नीट हात धुतले तर बास, असं मला वाटतं. पण घरी आल्यावर जखमेच्या ड्रेसिंगला हात लावण्याआधीही तेवढं पुरेल का?

सर्जनना विचारणारच आहे. पण भेट होईल तेव्हा नेमकं काय विचारायचं ते आधी कळलं तर बरं. नर्सिंगमधलं किंवा औषधनिर्माणातलं कोणी असेल तर कृपया सांगा.