'स्पेस हॅबिटॅट' : वस्ती की अधिवास?

पारिजातक : मुलांच्या मासिकासाठी लेख मराठीत करतेय, माणसाला अवकाशात वर्षानुवर्षं जगवायचं कसं यावर. हॅबिटॅटला, म्हणजे तिथल्या राहायच्या जागेला, मी 'वस्ती' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, अगं वस्ती एका रात्रीची असते, वस्तीची एसटी नाही का, रात्री गावात थांबते आणि पहाटे निघते. आता आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तर २ नोव्हेंबर २००० पासून सलग माणसं राहतायत! शिवाय 'लाइफ सपोर्ट'लाही अडलेय, 'जीवनरक्षक प्रणाली' म्हटलं की आयसीयूच डोळ्यासमोर येतं.

माळरान : वस्तीच ठेवा. आमच्या सोलापूर साइडला वस्ती म्हणजे शेतातलं घर. आजोबांनी आधी विहीर पाडली, पाणी लागलं मग छप्पर टाकलं, चौथी पिढी राहतीय तिथं.

अनुस्वार : बोलीत ठीक आहे. छापताना अधिवासच हवं.

माळरान : अधिवास म्हटलं की तहसीलचा दाखला आठवतो नाहीतर बिबट्या.

कोकणकडा : लाइफ सपोर्टला 'जीवनाधार' करा. जीवन म्हणजे पाणी, 'जीवन प्राधिकरण'मधलं. स्थानकात पाण्याचं विजेने विघटन करून ऑक्सिजन काढतात, लघवी-घामही शुद्ध करून पितात, २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली.

दीपमाळ : नुसत्या पाण्याने भागत नाही हो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात बायोस्फिअर २ नावाच्या काचेच्या बंदिस्त प्रयोग-इमारतीत १९९१ साली ८ जण दोन वर्षांसाठी आत गेले, शेती, झाडं, पाणी सगळं होतं, तरी ऑक्सिजन २०.९ वरून १४.५ टक्क्यांवर आला, कारण कसदार मातीतले जिवाणू तो वापरत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायच्या आधी काँक्रीटमध्येच मुरत होता. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. म्हणून लाइफ सपोर्टला मला 'हवापाणी' हा शब्द आवडतो. सासरी गेलेल्या लेकीला आई विचारते ना, तिथलं हवापाणी मानवलं का, तोच प्रश्न आहे हा.

माळरान : किंवा आबोहवा.

अनुस्वार : फारसी कशाला?

कोकणकडा : हवा पण अरबीच आहे की.

अनुस्वार : मग वायुजल म्हणा.

माळरान : कुठली आई विचारते वायुजल मानवलं का?

पारिजातक : हवापाणी घेतलं, दीपमाळताई. पण वस्तीचं काय करू? शुक्रवारी पान लागतंय.

सांजवात : आमच्या नगरला वस्तीची एसटी नाही म्हणत, मुक्कामी गाडी म्हणतात.

माळरान : आमच्याकडं दोन्ही म्हणतात. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे, आमच्या घरनं भाकरी-कालवण जायचं त्यांना.