आर्टिचोक बियांपासून लावलं, नुसती पानंच, बोंड एकही नाही

अंगणवेल:
मी न्यू जर्सीत राहते. मागच्या वर्षी मेमध्ये आर्टिचोकच्या (ज्याचं न उमललेलं बोंड भाजी म्हणून खातात) बिया डायरेक्ट वाफ्यात टाकल्या, पाकिटावर ग्रीन ग्लोब ही जात लिहिलेली. सहा उगवली, तीन जगली आणि काय सुंदर वाढली, रुपेरी कातरलेली पानं, एकेक माझ्या हाताएवढं लांब, येणारा-जाणारा थांबून विचारायचा हे काय लावलंय. पण ऑक्टोबर संपला तरी बोंडाचा पत्ता नाही आणि जानेवारीच्या बर्फात तिन्ही कुजली. खत कमी पडलं का ऊन? यंदा परत लावायचंय, प्लीज सांगा कोणीतरी.

बे_एरियावाला:
ताई, खतही नाही आणि ऊनही नाही, लहानपणी थंडी मिळाली नाही त्यांना. काही दिवस बऱ्यापैकी गारवा लागला तरच हे झाड पहिल्या वर्षी बोंड धरतं, तुमची मेमध्ये उगवली आणि सरळ उन्हाळ्यातच गेली. यंदा इम्पीरियल स्टार घ्या, पहिल्याच वर्षी बोंडं यावीत म्हणूनच काढलेली जात आहे ती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला घरात पेरा, माती ७०-७५ फॅरनहाइट कोमट ठेवली की दोनेक आठवड्यांत कोंब येतात. एप्रिलमध्ये कुंड्या बाहेर काढा आणि ५० च्या खालचे दहा-बारा दिवस मिळू द्या, फक्त फ्रॉस्ट पडणार असेल त्या रात्री गॅरेजमध्ये आणा, हे विसरू नका, कोवळी रोपं एका रात्रीत जातात. मग जमिनीत लावा, दोन झाडांत तीन फूट तरी सोडा आणि शेणखत भरपूर, फार खादाड झाड आहे. आमच्याकडे कॅलिफोर्नियात कॅस्ट्रोविलला शेतंच्या शेतं आहेत याची, पण तिथे समुद्राचं धुकं, ना कडाक्याची थंडी ना कडक ऊन, त्यामुळे तेच झाड पुढची कित्येक वर्षं देत राहतं. तुमच्याकडे दरवर्षी नवीन लावायचं असंच धरून चला.

कोरडवाहू:
मी सोलापूरकडचा, आर्टिचोक कधी लावलं नाही पण फोटो बघून लगेच ओळखलं, ही आपल्या कर्डईची भावकीच आहे, एकाच कुळातली. कर्डईवर मावा किती पडतो ते लहानपणापासून बघतोय, शेंड्याला हात लावला की बोटं चिकट काळी व्हायची. तुम्ही पण पानं उलटी करून बघत जा, बोंडाच्या पाकळ्यांत मावा शिरला की काढणं अवघड. सुरुवातीलाच पाण्याचा जोरात फवारा मारा, नाहीच हटला तर संध्याकाळी निंबोळी तेल.

अंगणवेल:
दादा, कर्डईची भावकी! आजोळी कर्डईची भाजी असायची, भाकरीबरोबर. दोघांचे खूप आभार, इम्पीरियल स्टारचं पाकीट आजच मागवलं. एकच विचारते, बोंड काढायचं कधी ते कळतं कसं?

बे_एरियावाला:
घट्ट मिटलेलं असतानाच काढा, हातात दाबलं की ताजं बोंड कुरकुरतं. पाकळ्या सुटायला लागल्या की आतला गाभा चिवट होतो आणि केस वाढतात. मधलं बोंड आधी येतं आणि सगळ्यात मोठं, ते काढलं की बाजूची लहान लहान येतात. दोन-तीन इंच देठ ठेवून कापा, देठ सोलून खाता येतो, गाभ्यासारखाच लागतो. आणि एक तरी बोंड झाडावर उमलू द्या, जांभळं फूल येतं आणि मधमाश्या त्यात अक्षरशः लोळतात.